बाकाची कैफियत

गेल्या हिवाळ्यात जुन्या मोटारींच्या शौकिनांचा एक मेळावा आमच्या कोल्हापुरात भरला असताना, माझ्याहून वयाने आणि अनुभवाने वडील असलेल्या एका स्नेह्यांनी आमच्या १९५१ सालच्या शेव्हरोले पिकअपच्या दारातून आत डोकावून, तिच्यातील अखंड बाकाकडे बोट दाखवीत, चारचौघांत जो अभिप्राय दिला, त्याचे उत्तर तेथल्या तेथे देणे मला त्यांच्या वयाचा मान राखून उचित वाटले नाही. परंतु तोच अभिप्राय त्यानंतर अनेक तरुण मालकांच्या तोंडून ऐकू आल्यामुळे, आणि त्याहून चिंतेची गोष्ट म्हणजे अनेक गाड्यांच्या तळपत्र्यावर ग्राइंडरने कोरलेला पाहावा लागल्यामुळे, आता मौन पाळणे हा दोष ठरेल असे मला वाटू लागले आहे. त्यांचे म्हणणे असे की, असा बाक हा मागल्या युगातील एक गैरसोयीचा आणि जिवास धोका असलेला अवशेष असून, तो काढून त्याच्या जागी आजच्या एखाद्या चांगल्या गाडीच्या दोन बकेट सीट त्यांच्या पट्ट्यांसह बसविल्या म्हणजे गाडी सुरक्षितही होते आणि सुखकरही. यास हरकत घेणारे जे असतील त्यांना जुन्याचा मोह पडलेला आहे, आणि मोहाला युक्तिवादाने उत्तर देता येत नाही.

या आरोपातील मोहाचा भाग मी मान्य करतो, आणि तेवढ्यापुरती माझी कैफियत येथेच संपली असे समजावे. उरलेला भाग मात्र मला मुळीच मान्य नाही. बाक ही पूज्य वस्तू आहे, तिच्या रेक्झिनच्या एका टाक्यालाही हात लावू नये, असे मी म्हणत नाही. आमच्या स्वतःच्या बाकाचे आवरण, भराव आणि निम्म्याहून अधिक स्प्रिंगा मी बदलून घेतलेल्या आहेत, आणि ज्या गाडीचा मूळ बाक नाहीसाच झाला असेल तिच्यात दुसरा बसविण्यावाचून गत्यंतर नाही, हेही उघड आहे. माझा प्रतिवाद आहे तो आधुनिक बैठक सामावून घेण्यासाठी जुनी केबिन कापण्याला, आणि त्या कापण्याला सुरक्षिततेचा दाखला जोडण्याला.

हा बाक मुळात काय आहे, हे आधी समजून घेतले पाहिजे. दुसऱ्या महायुद्धानंतर शेव्हरोलेने जून १९४७मध्ये आपल्या मालवाहू गाड्यांची जी नवी मालिका बाजारात आणली, तिचा मोठा दावा केबिनच्या रुंदीचा होता: तीन मोठी माणसे खांद्याला खांदा लावून, पण अवघडून न बसता, प्रवास करू शकतील इतकी ती रुंद होती. पुढच्याच वर्षी तीन गिअरांच्या गाड्यांतील गिअरचा दांडा जमिनीवरून काढून सुकाणूच्या खांबावर नेण्यात आला, आणि त्याचा लाभ मधल्या माणसाच्या गुडघ्यांना झाला. १९४९मध्ये पेट्रोलची टाकी गाडीच्या सांगाड्यावरून उचलून केबिनमध्ये, बाकाच्या पाठीमागे उभी केली गेली. बाक, गिअरचा दांडा आणि टाकी यांची अशी परस्परांशी सांगड घातलेली आहे की त्यांतील एकास हलविले असता उरलेल्या दोहोंचे प्रयोजन डळमळू लागते. मधोमध पोकळी ठेवून दोन स्वतंत्र बैठका बसविल्यावर खांबावरचा तो दांडा कोणासाठी तेथे गेला होता, याचा उलगडा त्या गाडीतून कोणाला होणार नाही. एक वाक्य खोडल्यामुळे पुढचा परिच्छेद निरर्थक व्हावा, तसा हा प्रकार आहे.

आमच्या मुलखाला या गाड्या परक्या नव्हत्या. मुंबईत शिवडी येथे १९२८ साली जनरल मोटर्सचा जुळणीचा कारखाना सुरू झाला आणि १९५४च्या सुमारास तो बंद होईपर्यंत शेव्हरोलेच्या कित्येक मोटारी आणि ट्रक तेथून बाहेर पडले. आमच्या घरी ही पिकअप आली ती गुऱ्हाळावरून शाहूपुरीच्या पेठेत गुळाचे रवे नेण्यासाठी. हंगामात पहाटे निघताना बाकावर उजवीकडे ड्रायव्हर, डावीकडे वडील आणि मध्ये हिशेबाची वही मांडीवर घेतलेले दिवाणजी अशी बैठक असे. परतताना दिवाणजींच्या जागी कधी मी असे, आणि अडतीचा भाव, कापलेली तोलाई, उचल घेतलेल्या शेतकऱ्यांची नावे ही सारी बोलणी माझ्या डोक्यावरून, अक्षरशः, इकडून तिकडे जात. हे मी स्मरणरंजनासाठी सांगत नाही. कामाची गाडी ही कामाच्या माणसांच्या संख्येवरून घडविलेली असते, आणि पिकअपमध्ये तिसरा माणूस हा आगंतुक नसून ठरलेला वाटेकरी होता, एवढेच मला दाखवावयाचे आहे.

आता मुख्य मुद्द्याकडे, म्हणजे सुरक्षिततेकडे, वळू. कारण स्नेह्यांच्या युक्तिवादाचे सारे वजन त्याच्यावर आहे, आणि जिवाचा प्रश्न पुढे आला की सामान्य माणूस संकोचाने गप्प बसतो. ताशी ५० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी एखाद्या झाडावर आदळून सेकंदाच्या दहाव्या भागात थांबली, तर तिच्यातील माणसाच्या देहावर त्याच्या स्वतःच्या वजनाच्या सुमारे चौदापट भार येतो. सत्तर किलोच्या इसमाच्या बाबतीत तो जवळजवळ एक टन भरतो. हा टनभर भार पट्ट्यातून शेवटी कोठे जाऊन उतरतो, हा सुरक्षिततेचा खरा प्रश्न होय. आजच्या बऱ्याच मोटारींत पट्ट्याचे कुलूप बैठकीच्याच सांगाड्याला जोडलेले असते. म्हणजे माणसाच्या भाराचा मोठा हिस्सा बैठकीच्या बोल्टांतून जमिनीत जातो. त्या मोटारीची जमीन ही त्यासाठीच घडविलेली असते: बोल्ट जेथे यावयाचे तेथे आडवे तुळयांसारखे पट्टे, दुहेरी पत्रा, जोडून बसविलेले नट. अमेरिकेच्या नियमांनुसार बैठकीने स्वतःच्या वजनाच्या वीसपट ओढ सहन केली पाहिजे, आणि पट्टा बैठकीलाच अडकविलेला असेल तर त्या ओढीबरोबर एकाच वेळी पट्ट्याचा भारही तिने सोसला पाहिजे. खांद्याचा आणि कमरेचा असा दुहेरी पट्टा असेल तेथे हा भार प्रत्येकी ३००० पौंड, म्हणजे सुमारे १३६० किलो, असा धरलेला आहे. बैठकीला मिळालेला हा दाखला बैठक आणि जमीन या जोडीला मिळालेला असतो. भंगारबाजारातून बैठक विकत आणता येते. तिच्याखालची जमीन विकत आणता येत नाही.

आणि आमच्या गाड्यांची जमीन कशी आहे? एकेरी साधा पत्रा, त्यावर सत्तर वर्षांचा पावसाळा. केबिनचे मागले कोपरे आणि बाकाखालचा भाग हे या गाड्यांतील गंजाचे ठरलेले मुक्काम आहेत, हे ज्याने एकदा तरी तेथली रबरी चटई उचलून पाहिली त्याला सांगावे लागत नाही. शिवाय आधुनिक बकेट सीट ही आपल्या रुळांसह मूळ बाकापेक्षा उंच असते. ती बाकाखालच्या पत्र्याच्या चौथऱ्यावर ठेवली तर चालकाचे डोके छताला लागते आणि समोरची काच इतकी खाली येते की रस्त्याऐवजी बॉनेटच दिसू लागते. म्हणून मग चौथराच कापून काढतात. हा चौथरा केबिनच्या मागल्या भागाला आडवा ताठपणा देणारा अवयव आहे. तो कापल्यावर त्याच्या जागी दोन लोखंडी कोन वेल्ड करून त्यावर रूळ बसवितात, आणि मालकाला सांगतात की आता तुमची गाडी सुरक्षित झाली.

असे काम केलेल्या एका गाडीतून मी आंबा घाट उतरलो आहे. गाडी कोणाची आणि काम कोणत्या गॅरेजात झाले, हे सांगण्याचे कारण नाही. वळणावर चालकाने ब्रेक जोराने दाबताच त्याची बैठक मागे कलंडल्यासारखी झाली, कारण पायाने पुढे रेटलेला जोर पाठीने मागे परतला आणि पुढले दोन बोल्ट पत्र्यातून वर आले. पत्रा फाटलेला नव्हता. भोक मोठे होऊन बोल्टाचे डोके त्यातून निसटले होते, आणि खाली वॉशर होता तो रुपयाएवढा. नुसत्या ब्रेकच्या रेट्याने ही अवस्था झाली. टनभर भाराची गोष्ट दूरच. उरलेला घाट आम्ही पहिल्या गिअरमध्ये, बैठकीखाली जॅकची लाकडी ठोकळी सारून, उतरलो.

माझ्या स्नेह्यांच्या म्हणण्यातील खरा अंश मी झाकून ठेवू इच्छित नाही. जुन्या बाकाला डोके टेकण्याची सोय नाही, आणि मागून धडक बसली तर मानेला इजा होण्याचा संभव आहे. ही सोय अमेरिकेतही मोटारींना १९६९पासून आणि हलक्या ट्रकांना त्यानंतर जवळजवळ दोन तपांनी सक्तीची झाली. बाकामागची पेट्रोलची टाकी हाही दोषच, आणि निर्मात्यांनीच १९७३च्या मालिकेत ती केबिनबाहेर काढली. पण बकेट सीट बसविल्याने टाकी जागची हलत नाही. चालकाच्या छातीसमोर भाल्यासारखा रोखलेला सुकाणूचा सरळ, न दुमडणारा खांबही हलत नाही. चारही चाकांचे ड्रम ब्रेक एकाच नळीवर चालत असल्यामुळे ती कोठेही फुटली तर पायाखाली काहीच उरत नाही, हा या गाडीतला सर्वांत मोठा धोका आहे, आणि बैठकीचा त्याच्याशी कवडीचाही संबंध नाही. ज्या रकमेत दोन बैठका, त्यांचे रूळ आणि कापाकापी होते, तिच्यात दुहेरी मास्टर सिलिंडर बसवून घेता येतो; तो केबिनच्या जमिनीखाली, सांगाड्यावर, कोणाच्या दृष्टीस न पडता काम करतो. सुरक्षिततेची तळमळ खरी असती तर ती आधी तेथे गेली असती.

पट्ट्यांचा विचार स्वतंत्रपणे केला पाहिजे. व्होल्वोच्या नील्स बोलीन यांनी १९५९मध्ये तीन टोकांचा पट्टा प्रचारात आणला, त्यापूर्वीची आमची गाडी; तिला पट्टा नव्हता आणि त्यासाठी जागाही ठेवलेली नव्हती. तरीही पट्टा हवा, याविषयी माझ्या मनात तिळमात्र शंका नाही. आमच्या बाकाला मी कमरेचे तीन पट्टे लावून घेतले आहेत, आणि त्यासाठी तळपत्र्याला सहा भोके पाडली आहेत, हेही येथे नमूद करतो, कारण प्रतिपक्षाने ते उद्या दाखवावे यापेक्षा आज मीच दाखविलेले बरे. प्रथम गंजलेला पत्रा कापून नवा जोडला. मग प्रत्येक भोकाखाली तीन मिलिमीटर जाडीची, तीन इंच चौरस, कडा गोल केलेली पोलादी पट्टी बसविली, जेणेकरून ओढ एका बिंदूवर न येता पसरावी. आणि बोल्ट वापरले ते पट्ट्यांसाठी ठरलेले ७/१६ इंची, बाजारातले साधे नव्हेत. पट्टा पोटावरून न जाता कमरेच्या हाडावरून जाईल, अशी भोकांची जागा बाकावर माणूस बसवून ठरविली. खांद्याचा पट्टा मात्र लावला नाही. त्याचे वरचे टोक खांद्याच्या उंचीला किंवा त्याहून वर, भक्कम खांबात असावे लागते. ते बाकामागे खाली जमिनीला अडकविले तर धडकेच्या क्षणी पट्टा खांद्याला खाली दाबतो आणि मणक्यावरच भार घालतो. केबिनच्या कोपऱ्यातील पोकळ खांबात आतून मजबुती घालून ते करता येईल, आणि मनाजोगे काम करणारा पत्राकामाचा मिस्त्री मिळाल्यावर मी ते करणार आहे. अर्धवट ज्ञानाने लावलेला पट्टा माणसाला धीर देतो आणि तोच धीर त्याचा घात करतो.

सुखाच्या मुद्द्याला फार वेळ देण्याचे कारण नाही, कारण तो बाकाविषयीच्या अज्ञानातून निघालेला आहे. ज्यांनी हे बाक गैरसोयीचे म्हणून निकालात काढले, त्यांनी बहुधा मेलेले बाक पाहिलेले असतात. आमचा बाक उद्यमनगरातील एका वृद्ध कुशनवाल्याने उलटा करून उघडला तेव्हा आवरणाखाली आवरण, त्याखाली गोळा झालेला कापूस, त्याखाली कुजलेले किंतान आणि सर्वांत खाली तुटलेल्या, एकमेकींत अडकलेल्या स्प्रिंगा असा ऐवज निघाला. अशा बैठकीवर बसून कंबर दुखली तर त्यात बाकाच्या रचनेचा अपराध काय? त्या कारागिराने तारेची चौकट सरळ केली, मेलेल्या स्प्रिंगांच्या जागी त्याच जाडीच्या तारेच्या नव्या वळवून घेतल्या, प्रत्येक स्प्रिंग शेजारणीशी सुतळीने बांधली, वर जाड किंतान ताणले, त्यावर रबर पाजलेल्या काथ्याचा थर, त्यावर दोन इंच घट्ट फोम आणि शेवटी पट्ट्यापट्ट्यांची शिवण घातलेले तपकिरी रेक्झिन चढविले. फोम मऊ घ्यावा असा माझा आग्रह होता. त्याने तो मानला नाही. मऊ फोम दुकानात सुख देतो आणि तिसऱ्या तासाला तळाशी बसतो, हे त्याचे म्हणणे कोल्हापूर ते रत्नागिरी या पहिल्याच प्रवासात मला पटले.

आणखी एक गोष्ट बकेट सीटच्या समर्थकांच्या ध्यानात येत नाही. या गाडीला पॉवर स्टिअरिंग नाही; तिचे मोठे चाक मनगटाने नव्हे तर खांद्याने आणि सबंध धडाने फिरवावे लागते, आणि सपाट बाकावर चालक वळणागणिक थोडा सरकून तो जोर लावू शकतो. आधुनिक बैठकीच्या दोन्ही कडा उंच असतात, कारण वेगवान वळणावर शरीर जागेवर राहावे हा त्यांचा हेतू. जुन्या चाकाशी झुंजताना त्याच कडा कोपरांना आणि मांड्यांना अडवितात. पाठीला आधार कमी पडतो ही तक्रार मात्र खरी, आणि तिच्यासाठी आमच्याकडे एक लहान लोड आहे. तो कमरेमागे ठेवावा आणि उतरताना काढावा.

राहिला मालकाच्या हक्काचा प्रश्न: गाडी माझी, मी तिचे वाटेल ते करीन. कायद्याने आपल्याला पुष्कळ मुभा आहे. पण आपल्याकडे जुलै २०२१मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत जी दुरुस्ती झाली, तिने पन्नास वर्षांहून जुन्या वाहनास व्हिंटेज म्हणून नोंद देताना ते मूळ स्वरूपात राखलेले असावे, आणि चासी, बॉडी अथवा इंजिन यांत मोठा फेरफार झालेला नसावा, अशी अट घातली आहे. गादी बदलणे हा बॉडीतील फेरफार होत नाही, असे मी समजतो. चौथरा आणि तळपत्रा कापणे हा फेरफार नव्हे असे म्हणण्यास मात्र फार मोठी मखलाशी करावी लागेल. कायद्यापलीकडेही एक विचार आहे. जुन्या वास्तूंच्या जतनाविषयी १९६४मध्ये व्हेनिस येथे जी सनद तयार झाली तिने असे सांगितले की, नव्याने घातलेला भाग मूळाशी सुसंगत असावा, पण तो नवा आहे हे ओळखू यावे. आणि २०१२मध्ये ऐतिहासिक वाहनांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने स्वीकारलेल्या तुरीनच्या सनदेने, वापरासाठी करावा लागणारा बदल उलटविता येण्याजोगा असावा आणि काढलेले मूळ भाग गाडीसोबत जपून ठेवावेत, अशी शिफारस केली. काळ्या पाषाणाच्या देवळांना ऑइलपेंट फासणाऱ्या विश्वस्तांवर आपण रागावतो, कारण तो रंग दगडात मुरतो आणि मग निघत नाही. त्यांचाही दावा स्वच्छतेचा आणि सोयीचाच असतो.

माझी सहा भोके पट्ट्या काढून अर्ध्या दिवसात बुजविता येतील. कापलेला चौथरा असा परत येत नाही. अमेरिकेत त्याचे नवे पत्रे बनवून मिळतात हे मला ठाऊक आहे, पण ते मागवून, आयातशुल्क भरून, वाकडी झालेली केबिन पुन्हा काटकोनात आणून वेल्ड करणे हा खर्च ज्यांनी केला, त्यांनीच तो सांगावा. ज्यांना बकेट सीटच हव्यात त्यांच्यासाठीही मार्ग मोकळा आहे: मूळ बाकाच्याच बोल्टांच्या जागी बसेल अशी पोलादी चौकट करावी, बुटक्या पाठीच्या आणि बिनरुळाच्या बैठका शोधाव्यात, पट्टे बैठकीला न अडकविता मजबुती दिलेल्या जमिनीला अडकवावेत, आणि बाक कोरड्या जागी उभा करून ठेवावा. मला ते रुचणार नाही, पण त्यांच्या नातवाला निवड करावयास काही शिल्लक राहील.

तेव्हा ज्यांच्या हाती अशी पिकअप नुकतीच आली आहे आणि ज्यांच्या गॅरेजवाल्याने ग्राइंडरची वायर अद्याप भिंतीत खोचलेली नाही, त्यांना माझी विनंती एवढीच आहे की, आधी बाक सोडवून बाहेर काढावा, अंगणात उलटा घालावा, आणि त्याच्या किती स्प्रिंगा अजून जिवंत आहेत त्या एकदा हाताने दाबून मोजाव्यात.